सेल्फ उदोनच्या दुकानात जेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेले नातेवाईक, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेले लोक, आणि परत गेल्यावर "आम्ही खाल्ले ते नेमके काय होते?" असे विचारणारे प्रवासी यांच्याकडून आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः शिकोकु बेटावरील कागावा प्रांतातील आहेत, कारण स्वतः ट्रे घेऊन उदोन नूडल्स घेण्याची ही पद्धत तेथे सर्वाधिक रुजलेली आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. उकळून काढलेली नूडल काही मिनिटांतच मऊ पडू लागते, आणि या दुकानांतील बहुतेक नियम त्या काही मिनिटांसाठीच आहेत.

१. सेल्फ उदोनचे दुकान म्हणजे काय? रामेनच्या दुकानापेक्षा ते वेगळे कसे?

उदोन म्हणजे गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी एवढ्याच जिनसांपासून केलेल्या जाड, पांढऱ्या नूडल्स. कागावात उदोनची दुकाने साधारण तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात आपण टेबलाशी बसतो आणि वाढपी वाडगा आणून देतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे 'सेल्फ'मध्ये, आपण ट्रे घेऊन रांगेतून पुढे सरकत जातो, नूडल्स घेतो, वर काय हवे ते निवडतो, पैसे देतो आणि जेवण झाल्यावर भांडी स्वतः परत ठेवतो. तिसरा प्रकार म्हणजे नूडल्सचा कारखाना. त्याचा मूळ धंदा दुकानांना नूडल्स पुरवण्याचा असतो आणि एका कोपऱ्यात चार बाके टाकून खायला देण्याची सोय केलेली असते.

रामेनच्या दुकानांत आणि रेल्वे स्थानकांवरील सोबाच्या (कुट्टूच्या नूडल्सच्या) ठेल्यांवर पुष्कळदा दाराशी तिकिटाचे यंत्र असते. सेल्फ उदोनमध्ये ते सहसा नसते. येथे तोंडाने सांगावे लागते, आणि नवख्या माणसाला नेमकी त्याचीच धास्ती वाटते.

२. आत शिरल्यावर पहिल्यांदा काय करायचे? मागे लोक उभे असतात आणि गोंधळ उडतो.

रांगेत लागण्यापूर्वीच फलक वाचून काय हवे ते ठरवून ठेवावे, कारण पहिला प्रश्न रांगेच्या तोंडाशीच विचारला जातो. ट्रे उचलावा आणि नूडल्स देणाऱ्या माणसाला प्रकार, आकार आणि गरम की गार, एवढे तीन शब्दांत सांगावे. "काके, शो, आत्ताकाइ नो" म्हणजे "काके, लहान, गरम" इतके पुरते, कारण रांगेत कोणीच पूर्ण वाक्य बोलत नाही. वाडगा ट्रेवर आला की पुढे तळलेल्या पदार्थांची, म्हणजे तेंपुऱ्याची, मांडणी असते. तेथील चिमट्याने हवे ते छोट्या बशीत घ्यावे. त्यानंतर भाताचे प्रकार येतात आणि शेवटी गल्ला. गल्ल्यावरील व्यक्ती ट्रेकडे नुसती पाहून हिशेब करते, म्हणून गल्ला ओलांडेपर्यंत काहीही खाऊ नये आणि एका पदार्थाखाली दुसरा झाकला जाणार नाही असे पाहावे.

पैसे दिल्यावर कांद्याची पात, आले वगैरे ज्या मांडणीवर असते ती लागते (प्रश्न १७ पाहावा). पाणी किंवा चहा आपणच घ्यायचा असतो. जेवण झाल्यावर ट्रे 'हेनक्याकु-गुची' म्हणजे परतीच्या खिडकीवर ठेवावा आणि आत काम करणाऱ्यांना ऐकू जाईल असे "गोचिसोसामा" म्हणावे. काही दुकानांत तेंपुरा आधी आणि नूडल्स नंतर असा उलटा क्रम असतो, तेव्हा पुढच्या माणसाकडे पाहून तसेच करावे.

३. फलकावरची नावे सारखीच वाटतात. काके, बुक्काके, झारु, कामाआगे यांत फरक काय?

फरक नूडलमध्ये फारसा नसतो. ती उकळल्यानंतर तिचे काय केले आणि तिच्यावर किती रस्सा आला, यावर नाव ठरते.

'काके' म्हणजे वाडगाभर पातळ, फिकट रंगाच्या रश्श्यातील उदोन. 'बुक्काके'मध्ये रस्सा थोडा पण दाट चवीचा असतो आणि तो नूडल्सवर ओतलेला असतो. हा प्रकार वाडगा ढवळून खायचा असतो. 'झारु' म्हणजे थंड पाण्यात धुऊन निथळलेल्या नूडल्स. त्या बांबूच्या जाळीवर येतात आणि शेजारच्या पेल्यातील रश्श्यात बुडवून खाल्ल्या जातात. 'शोयु'मध्ये रस्साच नसतो, फक्त सोया सॉसची धार, किसलेला मुळा आणि लिंबाच्या जातीचे एखादे फळ असते.

'कामाआगे' मात्र या सर्वांहून निराळा आहे. इतर प्रकारांत उकळलेल्या नूडल्स थंड पाण्यात चोळून धुतल्या जातात, त्यामुळे वरचे पिठूळ सत्त्व निघून जाते आणि नूडल घट्ट होते. कामाआगेत हे धुणे नसते. नूडल्स भांड्यातून थेट, त्यांच्या उकळीच्या पाण्यासकट वाढल्या जातात. म्हणून त्या अधिक मऊ आणि बुळबुळीत लागतात, आणि गव्हाचा वास सर्वांत जास्त त्यांनाच येतो. बुडवायचा रस्सा वेगळा मिळतो. पहिल्यांदा हा प्रकार मागवला तेव्हा मी लाकडी भांड्यातील ते पाणीच रस्सा समजून निम्मे प्यायलो होतो आणि जपानी जेवण इतके अळणी कसे, याचे मनोमन नवल करीत बसलो होतो.

४. "गरम की गार?" असे विचारतात. हे नूडल्सबद्दल असते की रश्श्याबद्दल?

दोन्हींबद्दल असू शकते, आणि कागावात या बाबतीत लोक चोखंदळ आहेत. 'आत्सु-आत्सु' म्हणजे दोन्ही गरम, 'हिया-हिया' म्हणजे दोन्ही गार. 'हिया-आत्सु' म्हणजे थंड पाण्यातून काढलेल्या घट्ट नूडल्सवर गरम रस्सा, जो प्रत्यक्षात कोमट होऊन येतो. नूडलचा घट्टपणा टिकावा आणि रश्श्याचा वासही मिळावा म्हणून ही तडजोड केलेली आहे. मोठ्या साखळी दुकानांत मात्र फक्त 'गरम' किंवा 'गार' एवढाच पर्याय असतो, आणि 'हिया-आत्सु' म्हटल्यास काउंटरवरची व्यक्ती गोंधळण्याची शक्यता असते.

५. लहान घ्यावा की मोठा?

मोजमाप 'तामा' म्हणजे नूडल्सच्या एका गुंडाळीचे असते. एक तामा शिजल्यावर साधारण २०० ते २५० ग्रॅम भरतो. 'शो' म्हणजे बहुधा एक तामा आणि 'दाइ' म्हणजे दोन किंवा अधिक. मधला 'चू' काही ठिकाणी दीड असतो, तर काही ठिकाणी दोन. एका दुकानाचा 'चू' दुसऱ्याच्या 'दाइ'एवढा असू शकतो, म्हणून शंका असल्यास शब्दाऐवजी "इची तामा" म्हणजे एक गुंडाळी असे सांगावे. एका दिवसात तीन-चार दुकाने फिरायची असतील तर प्रत्येक ठिकाणी लहानच घ्यावा.

६. एका दुकानात नुसत्या गार नूडल्स वाडग्यात टाकून दिल्या आणि पुढे कोणीच काही केले नाही. आमचे काय चुकले?

काहीही चुकले नाही. जुन्या पद्धतीच्या दुकानांत पुढचे कामही आपणच करायचे असते. काउंटरजवळ उकळत्या पाण्याची टाकी आणि 'तेबो' नावाची लांब दांड्याची, खोलगट गाळणी असते. वाडग्यातील नूडल्स तेबोत टाकाव्यात, ती पाण्यात बुडवून १० ते ३० सेकंद हलवावी, वर उचलून दोन-तीन झटके देऊन पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि मग नूडल्स पुन्हा वाडग्यात घ्याव्यात. शेजारच्या टाकीच्या तोटीतून रस्सा सोडावा. झटके देण्यात कसूर केली तर राहिलेल्या पाण्याने रस्सा पचपचीत होतो. नूडल्स जास्त वेळ बुडवल्यास धुऊन आलेला घट्टपणा जातो. मुलांना हे काम फार आवडते, पण पाणी उकळते असल्याने ते त्यांच्या हाती देऊ नये.

७. नूडल्स चिवट लागल्या. त्या कच्च्या राहिल्या होत्या का?

कच्च्या नव्हत्या. त्या चिवटपणाला 'कोशी' म्हणतात आणि सानुकी उदोन (सानुकी हे कागावाचे जुने नाव) त्यासाठीच ओळखला जातो. दाताखाली नूडल आधी मऊ लागते आणि मग आतून थोडा विरोध करते, असे त्याचे वर्णन करता येईल. हा गुण मीठ आणि मळणी यांतून येतो. कणीक घट्ट असल्याने ती कापडात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पायांनी तुडवण्याची रीत होती. अनेक ठिकाणी आज ते काम यंत्र करते. मिठाच्या पाण्याबद्दल जुन्या कारागिरांचा एक आडाखा आहे: ऐन उन्हाळ्यात एक पेला मिठाला तीन पेले पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा आणि एरवी पाच. उन्हाळ्यात कणीक लवकर सैल पडते, ती मिठाने आवरली जाते. पोळीची कणीक उन्हाळ्यात सैल होताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. यातले बरेचसे मीठ उकळताना पाण्यात उतरते.

८. हे सगळे कागावातच का? तेथे असे विशेष काय आहे?

कागावा हा क्षेत्रफळाने जपानमधील सर्वांत लहान प्रांत आहे आणि तेथे पाऊस कमी पडतो. पाण्याची चणचण इतकी जुनी आहे की सिंचनासाठी बांधलेल्या तळ्यांची तेथे दाटी आहे. त्यांतील मान्नो तळ्याची दुरुस्ती इ.स. ८२१ मध्ये कुकाई या बौद्ध भिक्षूने करवून घेतली. भाताला पाणी कमी पडे तेथे गहू येई. किनाऱ्यावर मिठागरे होती, शोदोशिमा बेटावर सोया सॉस तयार होत असे आणि इबुकी बेटाभोवतीच्या समुद्रात 'इरिको'साठी लागणारी छोटी मासळी मिळत असे. पीठ, मीठ, सॉस आणि रश्श्याची सुकी मासळी या चारही गोष्टी एवढ्या जवळ सापडणारे ठिकाण विरळाच. कुकाईनेच चीनमधून उदोन आणला अशी आख्यायिका कागावात सांगितली जाते. तिला आख्यायिकाच समजावे. मात्र कोतोहिरा येथील कोंपिरा देवस्थानाच्या जत्रेचे चित्रण असलेल्या, सतराव्या शतकाच्या अखेरीच्या एका घडीच्या चित्रित पडद्यावर उदोनची दुकाने दिसतात, म्हणजे यात्रेकरूंना उदोन विकण्याचा धंदा तेव्हा नक्कीच होता. 'कोंपिरा' हे नाव संस्कृत 'कुंभीर' म्हणजे मगर या शब्दावरून आले आहे, हे आपल्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

आजचे पीठ मात्र बहुतांशी ऑस्ट्रेलियन गव्हाचे असते. प्रांताच्या कृषी संशोधन केंद्राने 'सानुकी नो युमे' नावाचे स्थानिक वाण तयार केले आहे आणि काही दुकाने ते अभिमानाने फलकावर लिहितात.

९. साखळी दुकानांत खाल्ले तर तो 'खरा' सानुकी उदोन म्हणता येईल का?

हा वाद कागावातही चालतो. 'मारुगामे सेइमेन' या प्रसिद्ध साखळीचे नाव कागावातील मारुगामे शहराचे असले, तरी तिचे पहिले दुकान २००० साली ह्योगो प्रांतातील काकोगावा येथे निघाले. 'हानामारु उदोन' ही दुसरी मोठी साखळी मात्र त्याच वर्षी कागावाची राजधानी ताकामात्सु येथे सुरू झाली आणि पुढे योशिनोया या भोजनालयांच्या समूहाकडे गेली. कागावाच्या लोकांनी नावाबद्दल नाक मुरडले तर ते समजण्यासारखे आहे. तरीही मारुगामे सेइमेनच्या प्रत्येक दुकानात पिठापासून नूडल्स तयार होतात आणि काउंटरवरून ते पाहता येते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. नवख्या माणसाने पहिला उदोन साखळी दुकानातच खावा असे माझे मत आहे, कारण तेथे चित्रांचे फलक असतात आणि रांगेची सवय होते. त्यानंतर ओकायामाहून समुद्र ओलांडणाऱ्या रेल्वेने सुमारे तासाभरात ताकामात्सु गाठता येते.

१०. मी पूर्ण शाकाहारी आहे. मला काय खाता येईल?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर गोड नाही. नूडल्स शाकाहारी असतात, रस्सा नसतो. रश्श्याचा पाया असलेली 'दाशी' कागावात मुख्यतः इरिको म्हणजे उकडून सुकवलेल्या छोट्या मासळीची असते. जपानच्या इतर भागांत ती कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशाच्या किसाची असते. सोबत कोंबु नावाचे समुद्री शेवाळ असते, पण ते एकटे क्वचितच वापरले जाते. वाडग्यात मासा दिसत नाही, म्हणून "यात मासे नाहीत ना?" या प्रश्नाला काउंटरवरची व्यक्ती प्रामाणिकपणे "नाहीत" म्हणते. तिच्या मनात मासा म्हणजे माशाचा तुकडा असतो.

यावर उपाय असा की, रस्सा मुळातच वेगळा येतो असा प्रकार निवडावा. झारु किंवा कामाआगे मागवून पेला बाजूला ठेवावा आणि नूडल्सवर टेबलावरचा साधा सोया सॉस, किसलेले आले, तीळ व कांद्याची पात घालून खावे. शोयु उदोनही चालू शकतो, मात्र काही दुकानांच्या सॉसमध्ये दाशी मिसळलेली असते, तर काही ठिकाणी तो 'किजोयु' म्हणजे निव्वळ सोया सॉस असतो. बाटलीकडे बोट दाखवून "दाशी हाइत्ते इमास् का?" म्हणजे "यात दाशी आहे का?" असे विचारावे. हा प्रश्न "शाकाहारी आहे का?" या प्रश्नापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी ठरतो.

टाळण्याच्या गोष्टी पुढीलप्रमाणे. 'कित्सुने' उदोनवर तळलेले तोफू असते, पण खालचा रस्सा दाशीचाच असतो. 'इनारी' या गोडसर भाताच्या पिशव्यांचे तोफूही बहुधा दाशीत शिजवलेले असते. गुलाबी किनारीची पांढरी चकती म्हणजे 'कामाबोको' आणि नळीसारखी दिसणारी वस्तू म्हणजे 'चिकुवा'. हे दोन्ही माशाचे पदार्थ आहेत. करी उदोनमध्ये मांस व दाशी दोन्ही असतात. फक्त कोंबु आणि शिताके अळंबी यांची दाशी बौद्ध मठांच्या शोजिन जेवणात मिळते, पण सेल्फ उदोनच्या दुकानात ती मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. एकदा भेट देण्यासाठी ही दुकाने चांगली, पण शाकाहारी माणसाचे पोटभर जेवण येथे होत नाही. सोबत दुसरी सोय असलेली बरी.

११. तेंपुरा तर रताळे, भोपळा, वांगे यांचा असतो. तो चालेल ना?

भाजी शाकाहारी असली तरी तिच्यावरील पिठाच्या आवरणात अंडे असू शकते, आणि त्याच तेलात कोळंबी, माखूल व चिकुवाही तळले जातात. जे अंडे खातात आणि सामाईक तेलाबद्दल आग्रही नाहीत, त्यांना रताळ्याचा किंवा भोपळ्याचा तेंपुरा आवडेल. तो भजीच्या जवळचा वाटला तरी डाळीचे पीठ नसल्याने चव अगदी निराळी लागते. 'काकिआगे' म्हणजे कांदा-गाजराचे खेकडा भजीसारखे मोठे भजे, पण त्यात कधी कधी बारीक कोळंबी मिसळलेली असते, म्हणून ते घेताना विचारावे. तेंपुरा हा शब्द पोर्तुगिजांच्या संपर्कातून जपानीत आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गोव्याच्या वाचकांना त्यात काही नवल वाटणार नाही.

१२. आम्ही मांसाहारी आहोत, पण गोमांस खात नाही. काय लक्षात ठेवावे?

पश्चिम जपानमध्ये नुसते 'निकु' म्हणजे मांस असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ बहुधा गोमांस असतो. म्हणून 'निकु उदोन' टाळावा. करी उदोनमध्ये गोमांस किंवा डुकराचे मांस यांपैकी काहीही असू शकते. 'काशिवा-तेन' किंवा 'तोरि-तेन' म्हणजे कोंबडीचा तेंपुरा, आणि तो निर्धास्त घेता येतो. ओदेनमधील 'ग्यू-सुजी' हे गायीच्या स्नायूचे तुकडे असतात (प्रश्न २३ पाहावा).

१३. आम्ही कांदा-लसूण खात नाही. वगळून मिळेल का?

कांद्याची पात बहुतेक सेल्फ दुकानांत आपणच घालायची असते, त्यामुळे ती न घालणे सोपे आहे. जेथे वाढणारी व्यक्ती घालते तेथे "नेगी नुकी" म्हणावे. लसणाचा वापर साध्या उदोनमध्ये रूढ नाही. अडचण राहते ती दाशीची, आणि तिचे उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

१४. वाडग्यावर कच्चे अंडे फोडून दिले. ते खाणे सुरक्षित आहे का?

तो 'कामातामा' असावा. भांड्यातून काढलेल्या गरम नूडल्सवर कच्चे अंडे आणि सोया सॉस घालून तो ताबडतोब ढवळायचा असतो. नूडल्सच्या उष्णतेने अंडे अर्धवट शिजते आणि सायीसारखे चिकटते. जपानमध्ये अंडी कच्ची खाल्ली जाणार हे गृहीत धरूनच ती धुऊन, तपासून आणि मुदतीची तारीख घालून विकली जातात. तरीही गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि आजारी व्यक्ती यांनी ते टाळावे. 'ओन्सेन तामागो' हे मंद आचेवर अर्धवट शिजवलेले अंडे बहुतेक ठिकाणी वेगळे मिळते.

१५. गव्हाची किंवा सोब्याची ॲलर्जी असल्यास?

गव्हाची ॲलर्जी असल्यास या दुकानात जेवू नये, कारण नूडल्सखेरीज तेंपुऱ्याचे आवरण आणि सोया सॉस यांतही गहू असतो. सोबा म्हणजे कुट्टूच्या नूडल्स. उदोन आणि सोबा दोन्ही विकणाऱ्या दुकानांत ते एकाच पाण्यात उकळले जाण्याचा संभव असतो. तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी फक्त उदोन विकणारे दुकान निवडावे.

१६. आवाज करून ओढून खाणे सभ्यपणाचे समजतात का?

होय. न ओढता खाल्ले म्हणून कोणी वाईट मानत नाही, आणि ओढून खाल्ले तर शेजारचा मान वळवूनही पाहत नाही. ओढताना हवा मिसळल्याने गरम नूडल थोडी निवते आणि रश्श्याचा वास नाकापर्यंत पोहोचतो. कागावात तर उदोन चावण्यापेक्षा गिळावा असे म्हणणारे लोक भेटतात. घशातून उतरताना जाणवणाऱ्या स्पर्शाला 'नोदोगोशी' असा खास शब्दच आहे. आपल्याकडे ताकाची कढी भुरके मारीत पिणाऱ्याला घरात कोणी टोकत नाही, तशातलाच हा प्रकार. वाडगा दोन्ही हातांनी उचलून रस्सा पिणेही रीतीला धरूनच आहे. पूर्ण संपवण्याची सक्ती नसते.

१७. कांद्याची पात, आले, तेनकासु हे फुकट असते. कितीही घेतले तर चालते का?

'तेनकासु' म्हणजे तेंपुरा तळताना पडणारा चुरा. तो आणि कांद्याची पात बहुतेक ठिकाणी मोफत असतात, पण जेथे त्यांची किंमत लावलेली असते तेथे तसे लिहिलेले असते. दोन चमचे घेतले तर कोणी काही म्हणत नाही. वाडगा हिरवागार करून टाकणारे लोकही दिसतात, त्यांच्याकडे मात्र पाहिले जाते. तेनकासु कोळंबी तळलेल्या तेलातून येतो, म्हणून शाकाहारी व्यक्तींनी तो घेऊ नये. 'शिचिमी' हे सात जिनसांचे तिखट आपल्या जिभेला जेमतेम तिखट लागेल.

१८. किती खर्च येतो? कार्ड चालते का? टिप द्यावी का?

खेड्यातील दुकानात लहान काके साधारण २५० ते ४०० येनच्या दरम्यान मिळतो, आणि तेंपुऱ्याचे एक-दोन नग घेतले की रक्कम बरीच वाढते. साखळी दुकानांत कार्ड व मोबाइलने पैसे देता येतात. गावातील लहान दुकानांत मात्र रोख लागते, आणि तीही शक्यतो सुट्टी असावी. टिप देऊ नये. विसरलेले पैसे समजून ते परत द्यायला माणूस रस्त्यापर्यंत धावत येतो. दुकानात बसून खाल्ल्यास १० टक्के आणि घरी नेल्यास ८ टक्के असा उपभोग कराचा फरक ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे.

१९. आधी जागा धरून ठेवावी का? दोघांत एक वाडगा चालेल का?

गर्दीच्या वेळी जागा आधी अडवू नये अशी विनंती अनेक दुकाने लिहून लावतात. ते वाचून चमकू नये. लोक दहा-पंधरा मिनिटांत उठतात, त्यामुळे हातात ट्रे घेऊन येईपर्यंत जागा मिळतेच. खाऊन झाल्यावर गप्पा मारीत बसणे मात्र गैर मानले जाते. प्रौढ माणसाने आपला स्वतःचा वाडगा घ्यावा असा संकेत आहे. लहान मुलासाठी छोटी वाटी आणि काटा मागितल्यास मिळतो, आणि त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.

२०. दुपारी तीन वाजता पोहोचलो तर दुकान बंद. वेळ तर पाच लिहिली होती!

कागावात 'तामागिरे' म्हणजे गुंडाळ्या संपल्या की दुकान बंद होते, फलकावर वेळ काहीही असो. अनेक दुकाने सकाळी सहा-सातला उघडतात आणि दुपारी दोनपर्यंत आवरतात. नाश्त्याला उदोन खाणारे कामकरी लोक हेच त्यांचे मूळ गिऱ्हाईक आहे. उद्या विकता येईल असा उरलेला माल या धंद्यात नसतो, म्हणून कमी करावे आणि संपवावे असा त्यांचा हिशेब. लांबून जाणाऱ्यांनी अकराच्या आत पोहोचावे.

२१. कामाआगे मागवल्यावर बाजूला थांबायला सांगितले. मग रांगेचे काय?

कामाआगे ताज्या उकळीतून काढावा लागतो, आणि जाड सानुकी नूडल शिजायला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. भांड्यात त्या वेळी नूडल्स नसतील तर थांबणे आलेच. अशा वेळी क्रमांकाची पट्टी देऊन पुढे जायला सांगतात. तेंपुरा घ्यावा, पैसे द्यावेत आणि बसावे. वाडगा टेबलाशी आणून दिला जातो किंवा हाक मारली जाते. सेल्फ दुकानात वाढपी येण्याचा हा जवळजवळ एकमेव प्रसंग आहे. तेंपुरा मात्र तोवर निवतो, म्हणून अशा दिवशी तो घेऊ नये असे मी सुचवीन.

२२. नूडल्स कमी पडल्या तर आणखी मागता येतात का? आणि उरल्या तर बांधून मिळतात का?

फुकुओका शहरातील हाकाता भागाच्या रामेन दुकानांत उरलेल्या रश्श्यात जादा नूडल्स मागण्याची पद्धत आहे. तिला 'काएदामा' म्हणतात. सेल्फ उदोनमध्ये ती सहसा नसते, म्हणजे पुन्हा रांगेत लागून नवा वाडगा घ्यावा लागतो. ताटात उरलेले बांधून देण्याची रीत नाही. घरी न्यायचे असल्यास सुरुवातीलाच तसे सांगावे. तेंपुरा एकटा बांधून मिळतो. गल्ल्याजवळ त्याच्यासाठी डबे किंवा पिशव्या ठेवलेल्या असतात.

२३. कोपऱ्यात उकळत असलेल्या काड्यांच्या पदार्थांचे पैसे कसे द्यायचे?

ते 'ओदेन'. मुळा, तोफू, अंडे, माशाचे गोळे आणि ग्यू-सुजी हे सगळे दाशीत तासन्‌तास शिजवलेले असते. कागावातील उदोनच्या दुकानांत उदोन येईपर्यंत ते तोंडात टाकण्याची पद्धत आहे, आणि सोबत मोहरी घातलेला गोडसर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) मिळतो. काही दुकानांत ओदेन गल्ल्यावर दाखवून पैसे द्यायचे असतात. काही जुन्या दुकानांत मात्र आधी खायचे आणि शेवटी बशीतील काड्या मोजून हिशेब द्यायचा असतो. गल्ला ओलांडण्यापूर्वी काही खाऊ नये, या प्रश्न २ मधील सूचनेला हा एवढाच अपवाद. आपल्यापुढचे गिऱ्हाईक काय करते ते पाहून ठरवावे, आणि काड्या टाकून देऊ नयेत.

२४. ताकामात्सुच्या विमानतळावर नळातून उदोनचा रस्सा येतो, हे खरे आहे का?

खरे आहे. विमानतळाच्या इमारतीत दाशीची तोटी बसवलेली आहे आणि पेल्यात घेऊन तिची चव पाहता येते. नूडल्स तेथे मिळत नाहीत. इरिकोच्या दाशीला सुक्या मासळीचा जो हलका वास असतो, तो वाडगाभर मागवण्याआधी आपल्याला मानवतो की नाही, याची परीक्षा घेण्यासाठी ही सोय उत्तम आहे. कोकणातल्या माणसांना तो वास बहुधा पहिल्याच घोटात ओळखीचा वाटतो.